बाजूने दोन, तटस्थ एक

आमच्या घरात देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात, हळदीकुंकवाच्या डब्याशेजारी, जाड पुठ्ठ्याचं एक रजिस्टर असायचं. त्यावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'कुटुंबसभा प्रोसिडिंग'. दर रविवारी सकाळी नाश्त्याला चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन हात धुतले की मी, बायको आणि पोरगी असे तिघं चटईवर बसायचो. अध्यक्ष आळीपाळीने. विषय वाचायचे, चर्चा करायची, ठराव मांडायचा, सूचक-अनुमोदक लिहायचे आणि शेवटी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय घ्यायचे. पोरगी सहा वर्षांची असताना पहिल्यांदा अध्यक्ष झाली, तेव्हा तिने ऐनवेळी एकच विषय घेतला, मांजर आणायचं. अध्यक्षाला स्वतः ठराव मांडता येत नाही, हे मी तिला प्रेमाने समजावून सांगितलं. विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले. पुढची अकरा वर्षं तो पुढच्या सभेतच राहिला.

हसायचं असेल तर हसा, पण त्या काळात मला या वहीचा फार अभिमान होता. मी नांदेडच्या एका अध्यापक विद्यालयात बालमानसशास्त्र शिकवायचो. डी.एड.चे दिवस होते. बारावी झाली की नायगाव, हिमायतनगर, किनवट, कुठून कुठून पोरंपोरी मास्तर व्हायला यायची. वर्गात मी स्वतः रंगवलेला तक्ता होता. त्यात चार चौकटी होत्या. हुकूमशहा पालक, लाडावणारे पालक, लक्ष न देणारे पालक आणि लोकशाही पालक. पहिल्या तीन चौकटींतली मुलं मी भेदरलेली, हट्टी आणि शेंबडी काढली होती. चौथीतलं मूल हसत होतं आणि त्याच्या हातात पुस्तक होतं. दरवर्षी एखादा धीट विद्यार्थी विचारायचा, "सर, तुम्ही कोणत्या चौकटीत?" मी नम्रपणे हातातली छडी चौथ्या चौकटीवर टेकवायचो.

त्याच विषयात एक धडा होता, मुलाच्या जिवाला लागणाऱ्या ओढीचा. आपण रडलो तर कुणीतरी येणार आहे, अशी खात्री ज्या मुलाला असते ते बिनधास्त लांब जातं, खेळतं, शिकतं. ज्याला ती खात्री नसते ते एक तर पायाला चिकटतं, नाहीतर रडायचंच सोडून देतं. मूल घाबरल्यावर कुणाकडे धावतं, यावरून ओढ ओळखावी, असं मी फळ्यावर लिहून द्यायचो. पाच मार्कांना हमखास येणारा प्रश्न. पोरं घोकून जायची आणि पाचपैकी पाच घेऊन यायची.

हे सगळं माझ्यात आलं कुठून, तर भूकंपातून.

माझं गाव लातूरकडचं, औसा तालुक्यातलं. मी नववीत होतो. दगडमातीचं, वर मातीचं जड माळवद असलेलं घर. पहाटे जमीन हलली तेव्हा मी गाढ झोपेत होतो. मायने मला उठवलं नाही, हाकही मारली नाही. केसाला धरलं आणि फरफटत अंगणात आणून टाकलं. मागोमाग वडील बाहेर आले आणि माळवद खाली बसलं. आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. शेजारच्या घरातलं कुणी उरलं नाही. त्या घरात माझ्याच वर्गातला एक जण होता. त्याच्याकडे माझी भूमितीची वही राहिली होती, आणि मी कितीतरी दिवस त्या वहीचाच विचार करत होतो, कारण त्याचा करता येत नव्हता.

पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना शहरातून मदतीला माणसं आली. त्यात एक ताई होत्या. त्यांच्याकडे कोरे कागद होते आणि रंगीत खडू. आम्हा मुलांना गोल बसवून त्यांनी प्रत्येकाला विचारलं, "तुला काय वाटतं?" मला काय वाटतं हे जन्मात कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडे 'जेवलास का', 'कुठं उंडारला होतास' आणि 'मरायचंय का' हे तीनच प्रश्न होते आणि त्यांची उत्तरं कुणी ऐकत नसे. मी कागदावर मायचा हात काढला, माझ्यापेक्षा मोठा, आणि त्या हातात माझे केस. ताईंनी तो कागद बराच वेळ पाहिला. मग कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'मुलाला आईची भीती वाटते.'

मी ते वाचलं आणि मला ते लगेच पटलं. माझ्याविषयी कुणीतरी पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं होतं, ते खोटं कसं असेल? शिवाय केस खरंच फार दुखले होते.

त्यानंतर माय बदलली असं म्हणता येणार नाही. होती तशीच झाली, जरा जास्त. शाळेतून यायला उशीर झाला की चुलीतलं लाकूड घेऊन दारात उभी. दोन फटके हाणायची आणि त्याच हाताने भाकरी वाढायची. मी जेवेपर्यंत समोर बसून राहायची. पुढे डी.एड. आणि बी.एड. करून, मानसशास्त्राची पुस्तकं वाचून शहाणा झाल्यावर मी तिला पहिल्या चौकटीत टाकून दिलं. वर्गात तिचं उदाहरण द्यायचो, अर्थात नाव न घेता. "एका आईने आपल्या झोपलेल्या मुलाला केसाला धरून घराबाहेर फेकलं." विद्यार्थिनी हळहळायच्या. भूकंपाचा भाग मी सांगत नसे. विषयांतर झालं असतं.

तर अशा माणसाला पोरगी झाली. मी ठरवून टाकलं की हात उगारायचा नाही, हुकूम सोडायचा नाही, प्रत्येक गोष्ट विचारायची. दूध कोमट हवं की गरम? लाल फ्रॉक की पिवळा? पिवळा का? आज शाळेत कसं वाटलं? वाईट वाटलं तर नेमकं कुठे वाटलं, पोटात की छातीत? बायको नायगावकडच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवायची, रोज जाऊन-येऊन. दिवसभर पन्नास लेकरं सांभाळून आलेली बाई. ती एकदा म्हणाली, "तिला एखादी गोष्ट सांगूनच टाका ना. सारखं विचारल्यानं दमते ती." मी तिला समजून घेतलं. तिचं बालमानसशास्त्र जुन्या अभ्यासक्रमाचं होतं.

मग दिवस पालटले. मास्तरांच्या नोकऱ्या आटल्या, तशी डी.एड.ची पोरंही आटली. एक वेळ अशी आली की आमच्या विद्यालयात शिकणाऱ्यांपेक्षा शिकवणारे जास्त झाले, आणि पुढच्या उन्हाळ्यात संस्थेने कुलूप लावलं. जी पोरं कालपर्यंत मास्तर होणार होती त्यांची धाकटी भावंडं आता डॉक्टर होणार होती. नांदेडच्या चौकाचौकांतल्या फलकांवरून पुढाऱ्यांचे वाढदिवस खाली उतरले आणि गुणवंतांचे चेहरे वर चढले. लातुरात तर गल्लीगल्लीत क्लास, क्लासमागे मेस, मेसमागे खोल्या. ज्या जिल्ह्यात आम्ही पत्र्याखाली झोपलो होतो, तिथे आता साऱ्या महाराष्ट्रातली पोरं येऊन पत्र्याखाली अभ्यास करत होती.

पोरगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. रविवारच्या सभेपुढे विषय आला, 'अकरावी विज्ञान व लातूर येथे शिकवणी लावणेबाबत.' आदल्या दिवशी मेथी निवडता निवडता मी आणि बायकोने सगळं ठरवून टाकलं होतं. विधानसभेत याला व्हीप म्हणतात, आमच्याकडे पूर्वतयारी म्हणायचे. सभेत मी पोरीला तिचं मत विचारलं. मनापासून विचारलं.

ती म्हणाली, "मला अजून कळत नाही, पप्पा. इथंच कॉलेजात जाते. एक वर्ष बघते, मग सांगते."

"म्हणजे तुझा विरोध आहे का?"

"विरोध नाही."

"मग पाठिंबा?"

"तसं पण नाही. कळत नाही म्हणते ना."

रजिस्टरात 'कळत नाही' असा रकाना नव्हता. मी लिहिलं, 'बाजूने दोन, विरोधात निरंक, तटस्थ एक. ठराव मंजूर.' तिने खाली सही केली. तिची सही फार सुंदर होती, मी कौतुकही केलं. हुकूमशहा बापाची पोर निदान म्हणू शकते की मला जबरदस्तीने पाठवलं. माझ्या पोरीची सही होती.

लातूरची एक रीत आहे. लेकराला क्लासला घातलं की आईने गाव सोडायचं, एक खोली करायची आणि दोन वर्षं डबा, धुणं आणि पहारा करायचा. बापाने मागे राहून स्वतःची खिचडी शिजवायची. आमच्याकडे नोकरी बायकोची शाबूत होती आणि माझी गेलेली, त्यामुळे खोलीवर मी गेलो. इमारतीत आठ खोल्या. सात आया आणि एक मी. पहिले दोन महिने त्या मला बघून पदर सावरायच्या. नंतर भाजी कुठे स्वस्त मिळते ते विचारायला लागल्या.

नळाला आठवड्यानं पाणी यायचं, टँकर आला की सगळे घागरी घेऊन खाली. तिथे मला माझा तक्ता जिवंत भेटला. एक आई पोरगी वाचत असताना तिच्या तोंडात घास भरवायची. एकीने पोराचा मोबाईल कपाटात घालून किल्ली कमरेला लावली होती. किनवटकडची एक बाई फारशी बोलायची नाही. पोरगं क्लासला गेलं की जिन्यात बसून राहायची आणि तो आला की उठून भाकरी टाकायला जायची. मला या सगळ्यांची दया आली. एका दुपारी मी त्यांना जिन्यातच एकत्र केलं आणि पालकत्वावर तासभर बोललो. चारही चौकटी समजावल्या. त्यांनी मन लावून ऐकलं. शेवटी किल्लीवाली म्हणाली, "सर, लई भारी सांगितलं. पण परवाच्या टेस्टला तुमच्या पोरीला किती पडले?"

मी सांगितले. किल्लीवालीच्या पोराला चाळीस जास्त होते. त्यानंतर बालमानसशास्त्राचा विषय इमारतीत पुन्हा निघाला नाही.

मी मात्र हटलो नाही. रोज संध्याकाळी पोरगी क्लासवरून आली की तिला पाणी द्यायचो आणि विचारायचो, "आज कसं वाटतंय? एक ते दहामध्ये सांग." ती म्हणायची, "सात." दुसऱ्या दिवशी सात. महिन्यानंतर सात. कपाटाच्या दाराला आतून मी आलेखाचा कागद चिकटवला होता, त्यावर रोज एक ठिपका द्यायचो. ठिपके जोडून ताठ आडवी रेघ झाली. इतकं स्थिर मूल माझ्या पाहण्यात नव्हतं. लोकशाही पालकत्वाचं फळ म्हणून तो कागद कधीतरी एखाद्या परिषदेत दाखवावा, असं माझ्या मनात होतं.

याच काळात तिचे केस मुठीने गळत होते. न्हाणीच्या जाळीत अडकलेला गुंता मीच रोज काढून टाकायचो. नखं तिने मांसापर्यंत खाल्ली होती. डब्यातली अर्धी पोळी परत यायची. हे मला दिसत नव्हतं असं नाही, दिसत होतं. पण तिने स्वतः सात सांगितलं होतं आणि मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, असं मीच शिकवलं होतं. आज हे लिहिताना मला माझ्या कानशिलात द्यावीशी वाटते. तेव्हा मी ठिपका देत होतो.

निकाल लागला. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेत सरकारी कॉलेजला पुरतील इतके मार्क नव्हते. जवळपासही नव्हते. खोली सोडून आम्ही नांदेडला आलो तर मागोमाग फोन सुरू झाले. इमारतीतल्या आया, बायकोच्या शाळेतले मास्तर, माझे जुने सहकारी, सगळे एकच वाक्य म्हणत होते, "रिपीट करू द्या. एका वर्षाचा तर प्रश्न आहे." ते वाक्य दिवसातून इतक्यांदा कानावर पडलं की ते मलाच सुचलं असं मला वाटायला लागलं. पोरगी खोलीत पंख्याकडे बघत पडून असायची. आणखी एक वर्ष ती कशी काढेल, हा प्रश्न माझ्या ओठांवर यायचा. मी तो गिळायचो. आणि तिने नाही म्हटलं तर काय, याची मला जास्त भीती होती. म्हणून मी सभा लावली.

त्या रविवारी बायकोला सकाळी शाळेत काहीतरी कामाला बोलावलं होतं, तेव्हा सभा दुपारी बाराला ठेवली. पोरगी सकाळी सातलाच पाठीवर बॅग अडकवून निघाली. मैत्रिणीची पुस्तकं परत करून येते म्हणाली. विषयपत्रिका तिने आदल्या दिवशी वाचली होती. बारा वाजले तरी ती आली नाही. फोन बंद. आता खरं तर माणसाने चप्पल पायात सरकवून शोधायला निघावं. पण सहकारी संस्थेत गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्धा तास तहकूब करतात, आणि मग त्याच जागी, त्याच विषयांवर, गणपूर्तीचं बंधन न ठेवता ती घेता येते. हा नियम मला पाठ होता. आम्ही नवरा-बायको अर्धा तास चटईवर समोरासमोर बसून राहिलो. साडेबाराला मी विषय वाचला, 'चि. कन्या हिने वैद्यकीय प्रवेश परीक्षेस पुन्हा एक वर्ष बसणेबाबत.' सूचक म्हणून स्वतःचं नाव घातलं आणि म्हणालो, "अनुमोदक?"

बायको माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला वीस वर्षं होत आली होती. तसं बघताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. गावाकडून माय बोलत होती.

"पोरगी हितं आलीय. जेवली. झोपलीय. तू लगीच पळत यिऊ नको."

नांदेडहून लातूर, लातूरहून औसा, तिथून टमटमने गाव. साडेचार तास, एकटी. मूल घाबरल्यावर कुणाकडे धावतं? पाच मार्क. माझ्या पोरीने प्रात्यक्षिक करून दाखवलं होतं, आणि ती धावली होती पहिल्या चौकटीकडे.

बायको रडली, आधी सुटकेनं आणि मग रागानं. मी निघालो तेव्हा दारात येऊन म्हणाली, "जा. पण तिथं सभा घेऊ नका."

बसमध्ये मी भाषण तयार केलं. अहमदपूर जाईपर्यंत ते पाठ झालं आणि औसा येईपर्यंत विसरलो. गाव आता पुनर्वसनाचं, कवायतीला उभी केल्यासारखी एका रांगेत घरं, वर माळवद नाही. पोहोचलो तेव्हा पाच-साडेपाचचं ऊन होतं. घरापुढच्या ओट्यावर पोरगी पाय सोडून बसली होती आणि माय तिच्या मागे बसून तिच्या डोक्याला तेल लावत होती. शेजारी घमेल्यात लोणच्याच्या कैऱ्या भिजत घातलेल्या. पोरीचे डोळे सुजलेले होते, पण मान सैल होती. दोन वर्षांत तिची मान मी अशी सैल पाहिली नव्हती. मला माझ्या आईचा हेवा वाटला. लपवत नाही, सरळसरळ हेवा.

"आलास? यिऊ नको म्हणलं हुतं," माय म्हणाली. "बस. पाणी पी."

पोरीने माझ्याकडे पाहिलं आणि खाली बघितलं. मी मायला हळूच विचारलं, "काय म्हणाली ही?"

"काई न्हाई म्हणली."

"मग तू विचारलं नाहीस?"

"कामून इचारू? उपाशी हुती, जेवू घातलं. रडायली हुती, रडू दिलं. केस बग की, काय अवतार झालाय. दोन वर्सं तू काय बगत हुतास रं?"

मी ठिपके बघत होतो, हे काही तिला सांगण्यासारखं नव्हतं. तिचा हात पोरीच्या केसांतून फिरत होता, खसाखसा, अजिबात हळुवार नाही. पोरगी मध्येच 'आऊच' म्हणायची आणि तरी डोकं पुढे करायची. तो हात बघता बघता मी एकदम विचारलं. तीस वर्षांत विचारलं नव्हतं ते. "माय, भूकंपात मला केसाला धरून का ओढलंस? हाक का नाही मारलीस?"

मायने बाटलीतलं तेल तळव्यावर घेतलं. असलं काही विचारण्यासारखं आहे, असंच तिला वाटलं नसावं.

"हाक मारली आसती तर तू 'कामून' म्हणला आसतास," ती म्हणाली. "लई इचारायची सवय तुला. तवर माळवद खाली."

पोरगी हसली. फस्सकन, तेलकट केसांतून. मीही हसलो, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की त्या ताईंचा कागद मी इतकी वर्षं उलटा धरून वाचत होतो. त्या चित्रात भीती होती, पण ती माझी नव्हती. ती त्या मोठ्या हाताला वाटत होती, माझ्या जिवाची.

केस बांधून झाल्यावर पोरगी कैऱ्या फोडायला बसली. मायने अडकित्ता तिच्याकडे दिला, 'दे फोडून' एवढंच म्हणाली आणि आत गेली. विचारलं नाही, येतं का, करशील का, आवडेल का. पोरगी खाटखाट फोडायला लागली. मी समोर बसून कोयी काढत होतो. दहाएक कैऱ्या फुटेपर्यंत मी स्वतःला आवरलं. शेवटी सवय नडलीच.

"कसं वाटतंय आता? एक ते..."

"पप्पा, नका ना विचारू." तिने अडकित्ता खाली ठेवला. "तुम्हाला खरं सांगू? मी रोज सातच का सांगून राहिले होते? सहा सांगितलं की तुम्ही तासभर बसून का, कुठं, कधीपासून विचारायचे. आठ सांगितलं की म्हणायचे, छान, मग अजून एक पेपर सोडव. सातला तुम्ही गप बसायचे."

मी गप बसलो.

"तुम्ही विचारता ना, तेव्हा मला भीतीच वाटते. उत्तर तुमचं ठरलेलं असतं आणि ते मी शोधून काढायचं असतं. आज्जी रागावली तर कळतं तरी की रागावली. तुम्ही कधी रागावतच नाही. तुम्हाला नेमकं काय वाटतं, मला कधीच कळलं नाही."

तक्त्याच्या चौथ्या चौकटीतलं ते हसरं मूल मी कशावरून काढलं होतं, कुणास ठाऊक. समोर बसलेल्या पोरीला मी ओळखत नव्हतो आणि ती माझी एकुलती एक पोर होती. हे मला त्या ओट्यावर, हाताला कैरीचा चीक लागलेला असताना कळलं. फार वाईट वाटलं. नेमकं पोटात.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "मी एक विचारू? खरं सांगाल?"

आमच्या घरात विचारण्याचं काम माझं होतं. मी मान हलवली.

"मी रिपीट नाही केलं तर तुम्हाला काय होईल?"

'काही नाही बेटा, तुझा आनंद तोच आमचा आनंद' हे वाक्य तयार होतं. जिभेवर आलंही होतं. आत माय भांडी घासत होती, तो आवाज थांबला. मी वाक्य मागे घेतलं.

"लाज वाटेल," मी म्हणालो.

ती दचकली नाही. उलट जरा पुढे सरकून बसली. "कुणाची?"

"सगळ्यांची. त्या इमारतीतल्या बायकांची. तुझ्या आईच्या शाळेतल्या लोकांची. मी आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं, लेकरं कशी वाढवायची. लोक हसतील मला."

"किती दिवस?"

मी खरोखर विचार केला. लग्नसराई, दिवाळी, जुन्या सहकाऱ्यांची गाठभेट, चौकातले फलक. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाची पोरं नापास होतील आणि लोकांना नवा विषय मिळेल, तोपर्यंत. "वर्षभर," मी म्हणालो. "पुढचा निकाल लागेपर्यंत."

तिने एक कैरी उचलली, अडकित्त्यात धरली आणि फोडली. कोय माझ्याकडे सरकवली.

"एकच वर्ष ना? मग ते तुम्ही काढा, पप्पा. मी नाही काढणार."

मी ते काढलं. एकात भागलं नाही, दीड लागलं.